अपेक्षित नऊ

त्या महिन्यात धाकटीच्या हातून नऊ तडकलेले कप सुटले. आठ नाही, दहा नाही, नऊ. भाकीतही नऊचंच होतं. त्यामुळे ताई बरोबर ठरली, साहेब खूश झाले आणि जगातली प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी जाऊन बसली.

आता हे आपण ऐकलंच नाही असं समजू या. कुणी विचारलं तर सरळ कानांवर हात ठेवायचे. नऊ कप वगैरे काही सुटलेले नाहीत आणि गोष्ट अजून सुरूच व्हायची आहे.

तर, कपांचा कारखाना. भट्टीतून निघालेला प्रत्येक कप खोक्यात भरण्याआधी वाजवून बघावा लागतो. तडा डोळ्यांना दिसत नाही. तो केसाहून बारीक असतो आणि स्वभावाने लाजाळू. पण लाकडी दांडीने काठावर टक् केलं की चांगला कप खणखणीत बोलतो आणि तडकलेला बद्द. एवढंच ते काम. एका लांब टेबलाशी आठ जण स्टुलांवर बसून दिवसभर टकटक करतात आणि ऐकतात. कप पास झाला की त्याच्या बुडाला आपापला शिक्का मारतात. धाकटीचा शिक्का सात नंबरचा. पुढे दुकानातून एखादा कप तडकलाय म्हणून परत आला, की बूड उलटं करून बघायचं, म्हणजे कुणाचे कान त्या वेळी चरायला गेले होते ते कळतं.

साधारण महिन्याला प्रत्येकाचे अकराएक कप असे निसटतात. त्याला कुणी गुन्हा मानत नाही. दिवसाला हजार कप ऐकणारा माणूस घरी गेल्यावर कुणी हाक मारली तरी "पास" म्हणतो.

त्या वर्षी नव्या भट्टीसाठी एक नवी जागा निघाली: मुख्य श्रोता. नव्या लोकांना शिकवायचं आणि परत आलेल्या मालावर शेवटचा निकाल द्यायचा, असं काम. आणि मुख्य श्रोत्याला खुर्ची होती. पुढाऱ्यांची असते तसली म्हणायची खुर्ची नव्हे. खरी, पाठ टेकायची, हात ठेवायची. धाकटीची अकरा वर्षं स्टुलावर गेली होती. संध्याकाळी तिची कंबर तिच्याआधी घरी पोचायची आणि दारात बसून तिच्या नावाने शंख करायची. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, "पाठ टेका, नाहीतर काम सोडा." काम सोडायचं तर तिला दुसरं काही येत नव्हतं. कपांचं ऐकून घेणे ही कला बाहेरच्या जगात कुणाला लागत नाही.

म्हणून ती जागा तिला हवी होती. आणि नेमक्या त्याच महिन्यात तिचा आकडा आला शून्य.

शून्य! कारखान्याच्या इतिहासात शून्य फक्त आजारी माणसाचं यायचं.

शून्याला कारण होतं. परत आलेले कप बघता बघता धाकटीच्या लक्षात आलं होतं, की निसटणारे बहुतेक तडे कपाच्या कानापाशी असतात. आणि कारखान्यात पहिल्या दिवसापासून शिकवतात ते हेच: कप कानाने धरा आणि वाजवा. म्हणजे अंगठा बरोबर तड्यावर. ज्याचं ऐकायचं, त्याचंच तोंड दाबून धरायचं! तिने कानाला हात लावायचा सोडला. कप तीन बोटांच्या टोकांवर, बुडाखाली, असा तोलायचा आणि मग टक्. पहिल्या आठवड्यात दोन कप पडून फुटले. नंतर बोटं सरावली, आणि तडे गुपचूप कबुलीजबाब देऊ लागले.

हे तिने एकाच माणसाला सांगितलं. ताईला. घरात माणसं दोनच होती, त्यामुळे निवड सोपी होती.

ताई सहा वर्षांनी मोठी आणि आकड्यांत हुशार. कारखान्यात आकडेवारी विभाग काढायचं ठरलं तेव्हा धाकटीनेच साहेबांच्या केबिनबाहेर तीन दिवस उभं राहून तिचं नाव सुचवलं होतं. विभाग म्हणजे ताई, एक टेबल, एक कपाट आणि सहा महिन्यांची मुदत. सहा महिन्यांत उपयोग दिसला नाही तर विभाग बंद, टेबल परत.

"कुणाला बोलू नकोस," ताई म्हणाली. दोघी स्वयंपाकघरात ओट्यापाशी चहा पीत उभ्या होत्या. "जागा भरेपर्यंत तरी. नाहीतर उद्या आठही जण शून्यावर येतील, मग तुझ्यात नि त्यांच्यात फरक काय?"

"तुला सांगितलं ते?"

"मी काय कुणी आहे का?" ताई म्हणाली, आणि तिने आपल्या कपात चमचा फिरवला. तीनदा उजवीकडे, एकदा डावीकडे, शेवटी काठावर टण्ण. रोजची सवय.

ते कप बाबांचे होते. तीस वर्षं भट्टी सांभाळलेल्या माणसाला निरोपाच्या दिवशी काय द्यावं, तर बारा कप दिले होते. मासे विकणाऱ्याला मासा द्यावा तसं. पण बाबांनी ते जपले, आणि बाबा गेल्यावर दोघींनी. नक्षी तीच, काठाखाली एक निळी रेघ. कारखान्यात ती रेघ आजतागायत बदललेली नाही. साहेबांच्या मते लोकांना तीच आवडते, कारण लोकांना दुसरी मिळालेलीच नाही.

आता साहेब. साहेब म्हणजे कानाचे हलके आणि आवाजाचे भारी. एकोणीस वर्षं त्यांची एक पद्धत होती. महिनाअखेर ज्याचे सर्वांत जास्त कप सुटले, त्याला केबिनमध्ये बोलवायचं आणि घड्याळ लावून सात मिनिटं झापायचं. पुढच्या महिन्यात तो माणूस हमखास सुधारायचा. सुरुवातीला ते सर्वांत चांगल्याचं कौतुकही करत. पण कौतुक झालेला माणूस पुढच्या महिन्यात हमखास घसरायचा. चार वेळा असं झाल्यावर त्यांनी कौतुक कायमचं बंद केलं. कौतुकाने माणूस बिघडतो आणि शिव्यांनी सुधारतो, हे त्यांनी स्वतःच्या घशाने सिद्ध केलं होतं.

ताईने एकोणीस वर्षांचे तक्ते उपसले आणि केबिनमध्ये जाऊन सांगितलं, की शिव्यांचा काही संबंध नाही. एखाद्याचा महिना फार वाईट गेला तर त्यात थोडा हात त्याच्या कानांचा असतो आणि बराचसा नशिबाचा. नशीब दर महिन्याला तेवढं वाईट नसतं, म्हणून पुढचा महिना बरा जातो. फार चांगल्या महिन्याचंही तसंच, फक्त उलट्या दिशेने. टोकाला गेलेला आकडा सरासरीकडे परत येतो. याला तिने नाव दिलं होतं परतीचा नियम.

"म्हणजे मी एकोणीस वर्षं ओरडलो ते?"

"खिडकीबाहेर बघत बसला असतात तरी चाललं असतं, साहेब."

साहेब खरोखर दोन दिवस खिडकीबाहेर बघत बसले. तिसऱ्या दिवशी बाहेर आले ते नुकतीच दारू सोडलेल्या माणसाच्या उत्साहाने. आता त्यांना जिथे तिथे सरासरी दिसू लागली. टेबलावरच्या आठ जणांच्या उंचीची सरासरी काढून त्यांनी आठ एकसारखे एप्रन शिवून घेतले. ते कुणालाच बसले नाहीत. धाकटीचा पायात यायचा. टेबलाच्या टोकाला बसणारे उंच काका त्यात दुसऱ्याचे कपडे घालून पळालेल्या माणसासारखे दिसायचे.

"एकंदरीत बसतात," साहेब समाधानाने म्हणाले.

या काकांचं नाव दीडकान. एका कानाने पूर्ण ऐकू येई, दुसऱ्याने निम्मं. नाव त्यांच्या बायकोनेच ठेवलेलं, त्यामुळे कुणी वाईट वाटून घेत नसे. धाकटीचं शून्य आलं त्या महिन्यात दीडकानकाकांचे एकतीस कप सुटले होते. उच्चांक दोन्ही बाजूंनी झाला होता.

दोन तारखेला फलकावर टिपण लागलं. धाकटीने एप्रन वर धरून, अडखळत जाऊन वाचलं.

"परतीचा नियम. उदाहरण क्रमांक एक: शिक्का क्रमांक सात. गेल्या महिन्यात सुटलेले कप: शून्य. कारण: योगायोग. या महिन्यात अपेक्षित: नऊ."

खाली ताईची सही. तिचं ते शेपूट वळवलेलं अक्षर, ज्या अक्षरात तिने शाळेत धाकटीच्या वह्यांवर नाव घालून दिलं होतं. धाकटीला पहिल्यांदा वाटलं, सात नंबर दुसऱ्या कुणाचा तरी असेल. दुसऱ्यांदा वाटलं, योगायोग हा शब्द आकडेवारीत वेगळ्या अर्थाने वापरत असतील. तिसऱ्यांदा वाचायला ती थांबली नाही, कारण साहेबांनी सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलं होतं.

"मुख्य श्रोत्याची जागा," साहेब म्हणाले, "यांना."

त्यांचं बोट दीडकानकाकांकडे होतं. काकांनी मागे वळून बघितलं. मागे भिंत होती.

"साहेब, मला ऐकू कमी येतं."

"येईल," साहेब म्हणाले. "नियमच आहे. सात नंबर आता शून्यावर आहेत, त्यांना जायला फक्त एकच दिशा उरली. तुम्ही एकतीसवर आहात. तुमचं आता चांगलंच होणार. उतरत्या माणसाला खुर्चीत बसवायचं की चढत्या?"

हे इतकं तर्कशुद्ध होतं, की दोघं जण मान डोलवून मोकळे झाले.

"साहेब," धाकटी म्हणाली. अकरा वर्षांत तिने या खोलीत कपांखेरीज कुणाच्या बोलण्यावर मत दिलं नव्हतं, त्यामुळे टकटक थांबली. "हा नियम आठ जणांचा आहे. आठ जणांचं मिळून काय होईल ते तो सांगतो. माझं एकटीचं काय होईल ते त्याला काय माहीत? हा एप्रन बघा." तिने पायातलं टोक उचललं. "आठ जणांना बरोबर आहे. मी पडते."

"एप्रनचा विषय वेगळा."

"बरं, मग कप बघा." तिने एक कप तीन बोटांवर तोलला आणि टक् केलं. "मी महिनाभर असं धरतेय. कानाला हात न लावता. म्हणून शून्य आलं. नशिबाने नाही आलं, बोटांनी आलं. ताईला विचारा. ताईला माहीत आहे."

सगळ्यांनी ताईकडे बघितलं. ताईने कागदाकडे बघितलं. कागदाने कुणाकडे बघितलं नाही.

"ताई, सांग ना."

"तक्त्यात," ताई म्हणाली, "कप कसा धरला याचा रकाना नाही. उपलब्ध माहितीनुसार तो योगायोगच."

साहेबांनी हात जोडल्यासारखं केलं, म्हणजे विषय संपला. काकांना खुर्चीत बसवण्यात आलं. ते टोकावर बसले, दुसऱ्याच्या घरी बसतात तसे.

घरात गेल्यावर धाकटी म्हणाली, "तुला कारण माहीत होतं."

"ओट्यापाशी कळलेली गोष्ट आकडेवारीत धरत नाहीत," ताई म्हणाली. तिने हे काही खवचटपणे म्हटलं नाही. पाणी शंभराला उकळतं, तसं म्हटलं. "आणि मला स्वच्छ उदाहरण हवं होतं. तुझ्या बोटांचं लिहिलं असतं तर साहेब म्हणाले असते, मग नियम कुठे राहिला? एक महिना थांब. माझी मुदत संपू दे. मग बघू."

"काकांना तू बसवलंस?"

"मी कुणाला बसवलं नाही. मी साहेबांना लिहून दिलं होतं, आकडा सरासरीकडे येण्याची शक्यता जास्त. साहेबांना शक्यता आवडत नाही. त्यांना आकडा लागतो."

धाकटीने ते मान्य केलं नाही, पण तिच्याकडे मान्य न करण्याचा रकाना नव्हता. तिने ठरवलं ते एवढंच: हाही महिना शून्य. शून्य एकदा आलं तर योगायोग, दोनदा आलं तर साहेबांना निदान खिडकीबाहेर बघावं लागेल.

तो महिना तिने कानांत प्राण आणून काढला. बाकीच्यांनी तीन बोटांची पद्धत अर्धा दिवस करून बघितली आणि सोडून दिली, कारण आता भाकीत फलकावर होतंच. ज्याला बारा अपेक्षित होते तो अकराव्या कपानंतर घाम कशाला गाळेल? चार नंबरवालीचे बारा कप वीस तारखेलाच पूर्ण झाले. ती "माझं झालं बाई" म्हणून उरलेल्या दिवसांची रजा टाकून गेली. दीडकानकाकांना वाजवायचं काम आता नव्हतंच, त्यामुळे त्यांचे सुटलेले कप एकदम खाली आले आणि तेही नियमात बसलं. दुपारी साहेब जेवायला गेले की काका उठायचे.

"बस ग पोरी थोडा वेळ. खुर्ची गरम करून ठेवलीय."

"नको काका. सवय लागेल."

"मला तरी कुठे लागतेय! पाठ टेकली की झोप येते आणि झोप लागली की वाटतं, मी सुधारतोय."

ती बसायची. दहा मिनिटं. कंबर तेवढ्यापुरती गप्प व्हायची.

अठ्ठावीस तारीख आली. सात जण भाकिताच्या आसपास येऊन विसावले होते. सात नंबरचा एकही कप परत आला नव्हता. घरी ताई कमी बोलत होती. चहा त्या दोन दिवसांत पेल्यांतून मिळू लागला. ताई म्हणाली, कप घासायचा कंटाळा आलाय. धाकटीला वाटलं, मुदत संपत आलीय, बिचारीला सुचत नसेल. तिला ताईची दयाही आली. हे इथे मुद्दाम सांगून ठेवतो, कारण नंतर ती दया कुठे गेली ते कुणालाच सापडलं नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी परत आलेल्या मालाच्या मांडणीवर नऊ कप होते. नऊच्या नऊ उलटे, बुडाला ताजा शिक्का. सात. सात. सात. शेजारी चिठ्ठी: "तपासले. बद्द. मुख्य श्रोता."

आता तुम्ही म्हणाल, हे नऊ कप आम्हाला ठाऊक आहेत. नाहीत. आपलं ठरलंय.

धाकटीने पहिला कप उचलला. कानाने नाही, तीन बोटांवर. टक्.

खणखणीत.

दुसरा. खणखणीत. तिसरा, चौथा. एकालाही तडा नव्हता. आनंदाने तिच्या तोंडून हसू फुटणार तोच पाचव्यावर तिचा हात थांबला. हा आवाज तिने ऐकला होता. कारखान्यातल्या हजार कपांत नव्हे. किंचित खालचा सूर, जुन्या भट्टीचा, जिला लाकूड लागायचं. तिने दांडी ठेवली, जेवणाच्या डब्यातला चमचा काढला आणि काठावर मारला. टण्ण.

रोज सकाळी सव्वासातला, तीनदा उजवीकडे, एकदा डावीकडे, आणि मग हाच.

तिने कप नाकाशी नेला. तळाला चहाचं एक पिवळं कडं होतं. नव्या मालाला ते नसतं.

"काका," तिने खुर्चीपाशी जाऊन विचारलं, "हे बद्द आहेत?"

काकांनी एप्रन खाली ओढायचा प्रयत्न केला. एप्रन आला नाही.

"मला तर खणखणीतच वाटले ग. पण तक्त्यात आधीच नऊ लिहिलं होतं. म्हटलं, माझाच उरलेला निम्मा कान गेला असेल." मग हळू आवाजात, "कुणाचे आहेत?"

"बाबांचे."

काका बाबांच्याच हाताखाली भट्टीवर लागले होते. ते उठून उभे राहिले, आणि उभं राहून आता काय करायचं ते न कळल्यामुळे पुन्हा बसले. "संध्याकाळी पिंपात फोडायचेत," ते म्हणाले. परत आलेला माल फोडतात, म्हणजे तो पुन्हा विकला जाऊ नये.

धाकटी केबिनमध्ये गेली. साहेबांपुढे तक्ता होता आणि त्यांच्या डोळ्यांत जवळजवळ पाणी.

"आठपैकी आठ!" ते म्हणाले. "एकोणीस वर्षांत असं सुख बघितलं नाही. आकडेवारी विभाग कायम केलाय मी. आत्ताच सही झाली."

"साहेब, ते नऊ कप तडकलेले नाहीत."

"ते मुख्य श्रोता ठरवतात."

"ते कप कारखान्याचेही नाहीत. आमच्या घरचे आहेत."

साहेबांनी विचार केला. त्यांना विचार करताना बघितलं की भट्टीत ओलं लाकूड घातल्यासारखं वाटायचं.

"कप तुमचे," ते म्हणाले, "शिक्का तुमचा. मग सुटले कुणाच्या हातून?"

जेवणाच्या सुट्टीत ती तडक घरी गेली. कपाट उघडलं. बाराच्या जागी तीन कप, एकमेकांपासून लांब लांब मांडलेले, रिकामी जागा दिसू नये म्हणून. मोरीवर साबणाच्या वडीशेजारी तिच्या शिक्क्याची रोजची जागा. रोज कामावरून आल्यावर ती तो शाई धुवायला तिथेच ठेवायची आणि सकाळी खिशात टाकायची. आज सकाळी तो ओला होता हे तिला आत्ता आठवलं.

मागे दार वाजलं. ताईही आली होती. साहेबांनी तिला त्या आनंदात अर्धा दिवस सुट्टी दिली होती. तिने उघडं कपाट बघितलं आणि चपला न काढता तशीच उभी राहिली.

"किती?" धाकटीने विचारलं.

"नऊ."

"बाबांचे."

"कारखान्यातले घेतले असते तर तिथला आकडा बिघडला असता." हे ती अशा आवाजात म्हणाली, की जणू तिने कुणाला तरी वाचवलं होतं.

"सात जण बरोबर आले होते ना तुझे? आठवं चुकलं असं दाखवायचं. आठातलं एक चुकलं तर कुणी फासावर देत नाही."

"उदाहरण क्रमांक एक चुकलं असतं, धाकटे. तेच फलकावर होतं. साहेबांनी विचारलं असतं, पहिलंच कसं चुकलं? तू एकटी शून्यावर अडून बसलीस."

"म्हणून मला नऊवर आणलंस."

"तू आज ना उद्या तिथे आलीच असतीस. मी फक्त उशीर टाळला."

"आणि नसते आले तर?"

बाहेर कुणीतरी बादली आपटली. ताईने तीन कपांपैकी एक उगाच सरळ केला, तो सरळच होता.

"एकट्या माणसाबद्दल नियमाला नक्की काही सांगता येत नाही," ती अखेर म्हणाली.

हे एवढं एक वाक्य. केबिनबाहेर, टेबलाभोवती, सगळ्यांदेखत हवं होतं ते. महिनाभर उशिरा आलं आणि आलं ते ओट्यापाशी. आणि ओट्यापाशी कळलेली गोष्ट कुठेच धरत नाहीत.

धाकटीने उरलेले तीन कप, पुढच्या उदाहरणात जाऊ नयेत म्हणून, टॉवेलात गुंडाळले, पिशवीत घातले आणि कामावर परत गेली. ताईने कुठे नेतेस म्हणून विचारलं नाही. मोजले मात्र असावेत.

पिंपापाशी दीडकानकाका हातोडा घेऊन उभे होते. नऊ कप पायांशी ओळीने.

"अर्ज टाक," ते तिला बघताच म्हणाले. ते बहुधा दुपारभर याच एका विचारावर बसून होते. "अर्जाचा निकाल लागेपर्यंत माल फोडता येत नाही, तसा नियम आहे. आणि इथे अर्जाचा निकाल लागल्याचं मी तरी एका कानानेही ऐकलेलं नाही."

मग त्यांनी खुर्ची ओढून तिच्यापुढे केली. ती बसली, पाठ टेकली, एप्रनचं पायातलं टोक मांडीवर घेतलं, त्यावर कागद ठेवला आणि लिहिलं:

प्रति,
मा. साहेब यांस,
मार्फत: आकडेवारी विभाग (सर्व अर्ज याच विभागामार्फत पाठवावेत, या आदेशानुसार)

विषय: शिक्का क्रमांक सात हिला सरासरीतून वगळण्याबाबत.

महोदय,
वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, सोबतचे नऊ कप खणखणीत असल्याचे ज्याला ऐकू येते अशा कोणाकडूनही जाहीर करण्यात यावे. सदर कप कोणाच्याही हातून सुटलेले नसून घरातून गेलेले असल्याने त्यांची नोंद "सुटले" या रकान्यातून काढून, त्यासाठी योग्य तो रकाना नव्याने आखण्यात यावा. तसेच, अर्जदाराची थोरली बहीण मूळची चांगली असून, ती गेला महिनाभर टोकाला गेलेली आहे. तरी परतीचा नियम एकट्या माणसालाही लागू होतो असे कृपया याच एका प्रकरणापुरते मानून, ती पूर्वीच्या सरासरीवर अर्जदारास घरपोच परत मिळावी, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
शिक्का क्रमांक सात